विमान जिथे नुसते उभे असते ती जमीन: काँक्रीट, डांबर की ब्लॉक?

पायाभरणी (धागालेखक)

विमानतळाचा विषय निघाला की चर्चा धावपट्टीपाशीच घोटाळते. धावपट्टीची लांबी, जाडी, तिच्यावरची पकड यांविषयी भरपूर लिहिले जाते. परंतु प्रवासी चढउतार करत असताना, सामान भरले जात असताना आणि पंखांत इंधन जात असताना विमान ज्या जमिनीवर तासन्‌तास उभे असते, त्या एप्रनच्या पेव्हमेंटचा, म्हणजे जमिनीवरच्या पक्क्या थरांचा, विचार बहुधा ‘धावपट्टीसाठी जे ठरले तेच इकडे ओढून घेऊ’ एवढ्यावर संपतो. मला ही पद्धत चुकीची वाटते, म्हणून हा धागा काढला आहे.

मूळ फरक भाराच्या स्वरूपात आहे. धावपट्टीवर वेगाने धावणाऱ्या विमानाचा काही भार पंख उचलून धरतात आणि एखाद्या ठिकाणावरून चाक सेकंदाच्या अंशात निघून जाते. एप्रनवर मात्र विमानाचा किलो न किलो चाकांवरच असतो, आणि तोही निघण्यापूर्वी इंधनाने टाक्या भरलेल्या अवस्थेत. बोइंग ७७७-३००ईआर हे विमान उदाहरणादाखल घ्या. त्याचे उड्डाणावेळचे कमाल वजन सुमारे ३५१ टन असते. त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भार मुख्य १२ चाकांवर येतो, म्हणजे एकेका चाकावर जवळजवळ २७ टन. टायरमधील हवेचा दाब सुमारे १.५ मेगापास्कल असल्याने जमिनीला टेकलेला भाग साधारण ४२ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाएवढाच भरतो. दारातल्या पायपुसण्याहूनही लहान जागेवर २७ टन वजन दोन-तीन तास स्थिर राहणार असेल, तर तिथे कोणता पदार्थ असावा, हा प्रश्न धावपट्टीच्या प्रश्नाहून वेगळाच आहे. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या चौदाव्या परिशिष्टातही, संथ चालणाऱ्या किंवा थांबलेल्या विमानांमुळे एप्रनच्या काही भागांवर धावपट्टीपेक्षा जास्त ताण येतात याची दखल घ्यावी, असे म्हटले आहे.

डांबराचा स्वभावच असा आहे की क्षणभराच्या भाराला ते ताठ उत्तर देते आणि दीर्घ भाराखाली हळूहळू सरकते. उन्हाने पृष्ठभाग तापला की हे सरकणे वाढते. एकदा पाऊस नुकताच थांबलेला असताना मी एका रिकाम्या डांबरी स्टँडवर, म्हणजे एप्रनवरच्या एका विमानाच्या थांब्यावर, उभा होतो. सगळीकडचे पाणी उताराने निघून गेले होते. राहिली होती ती फक्त पाच डबकी. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आणि बऱ्याच अंतरावर पुढे मध्यभागी एक लहान डबके. तिथे रोज कोणत्या जातीचे विमान उभे राहते आणि ते नेमके कुठे थांबते, हे जमिनीने स्वतःच लिहून ठेवले होते. जवळच एक काळा, तेलकट चमक असलेला डाग होता. तिथली खडी बोटाने उकरल्यावर सुटून हातात आली, कारण डांबर आणि विमानाचे इंधन ही दोन्ही एकाच खनिज तेलाची लेकरे आहेत आणि केरोसीन डांबराला सरळ विरघळवते. सुटलेली खडी म्हणजे इंजिनात ओढला जाऊ शकणारा तुकडा, हे वेगळे सांगायला नको.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग काँक्रीट घाला आणि विषय संपवा. बहुसंख्य मोठ्या विमानतळांवर स्टँडसाठी काँक्रीटच असते आणि त्याला सबळ कारणे आहेत. तरीही माझे मत असे आहे की निवड संपूर्ण एप्रनसाठी एकगठ्ठा करू नये. विमान कुठे थांबते, कुठे वळते, खालची जमीन किती आणि कशी खचणार आहे, आणि दुरुस्तीसाठी ती जागा किती तास मोकळी मिळणार आहे, हे प्रत्येक स्टँडपुरते तपासून मगच ठरवावे. यांपैकी शेवटचे दोन मुद्दे पदार्थाच्या गुणांपेक्षाही निर्णायक ठरतात, असा माझा अनुभव आहे. जाणकारांनी आपापले अनुभव जरूर मांडावेत.

सांधेजोड

लेख आवडला. भाराविषयीचे विवेचन पटले, परंतु काँक्रीटच्या बाजूने बोलताना सांध्यांचा हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये असे वाटते. स्लॅब तापमानाने आकसतो आणि प्रसरण पावतो, दिवसा वरून तापला की मध्यभागी फुगतो आणि रात्री त्याचे कोपरे वर वळतात. म्हणून जाडीप्रमाणे साधारण ४.५ ते ६ मीटरवर सांधा ठेवावाच लागतो. पाच मीटरचे चौरस धरले, तर एक लाख चौरस मीटरच्या एप्रनवर जवळजवळ ४० किलोमीटर लांबीचा सांधा तयार होतो. या ४० किलोमीटरमध्ये भरलेले सीलंट, म्हणजे फट बंद करणारा लवचीक पदार्थ, ऊन, इंधन आणि हायड्रॉलिक तेल सोसत असते आणि स्लॅबच्या कितीतरी आधी त्याचे आयुष्य संपते. ते निघाले की पाणी खाली जाते, जड चाक सांध्यावरून जाताना तळची माती चिखल होऊन वर फेकली जाते आणि कोपऱ्याखाली पोकळी होते. कोपरा मोडण्याचे मूळ बहुतेक वेळा वरच्या काँक्रीटमध्ये नसून या पोकळीत असते.

सांधा कापण्याची वेळ ही आणखी एक नाजूक गोष्ट आहे. मी ज्या कामावर होतो, तिथे एका संध्याकाळी स्लॅब ओतल्यानंतर कोरडा वारा सुटला. कटिंग मशीन दुसऱ्या पट्ट्यावर अडकले होते, आणि पहाटे कापायला सुरुवात केली तेव्हा तीन स्लॅबमधून केसासारखी बारीक तडा आधीच आरपार गेलेली होती. करवतीने जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंत काप घ्यायचा असतो, तो अशासाठी की तडा आपण सांगू तिथे जावी. काँक्रीटने आमची वाट पाहिली नाही. ते तिन्ही स्लॅब फोडून पुन्हा ओतावे लागले. तेव्हापासून दुसरे कटिंग मशीन आणि ते चालवणारा माणूस जागेवर हजर असल्याशिवाय मी ओतकाम सुरू करू देत नाही.

त्यामुळे काँक्रीट निवडणे म्हणजे सांध्यांची आयुष्यभराची देखभाल पत्करणे होय. ज्या विमानतळाकडे दर काही वर्षांनी सीलंट बदलण्याची व्यवस्था आणि इच्छा नाही, तिथे उत्तम काँक्रीटही अकाली म्हातारे होते.

पायाभरणी

सांधेजोड, आपला ४० किलोमीटरचा हिशेब डोळे उघडणारा आहे, आणि तो प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या पानावर असायला हवा. एक भर घालतो. सांध्यातून भार पलीकडच्या स्लॅबवर पोचावा म्हणून आपण डॉवेल सळ्या घालतो. अमेरिकेच्या एफएएच्या (तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) रचनापद्धतीत कडेच्या ताणापैकी चतुर्थांश ताण शेजारचा स्लॅब उचलतो असे गृहीत धरलेले आहे. म्हणजे डॉवेल तिरके बसले, किंवा सैल होऊन त्यांच्याभोवतीचे काँक्रीट झिजले, तर स्लॅबची जाडी कागदावर बरोबर असूनही प्रत्यक्षात अपुरी ठरते. ओतकामाआधी डॉवेलची पातळी व दिशा तपासणारा माणूस हा त्या कामावरचा सर्वांत महत्त्वाचा माणूस मानावा.

नवी_वाट

मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दोन्ही लेखन दोनदा वाचले. दोन शंका आहेत. एक, जमीन मऊ असेल तर काँक्रीटच चांगले, असे वर्गात सांगितले जाते, त्यामागचे कारण नेमके काय? दुसरी, विमानतळाच्या माहितीपत्रकात दिलेला पीसीआर, म्हणजे पेव्हमेंटची ताकद सांगणारा आकडा पाहून एप्रन कशाचे आहे हे कळते का?

पायाभरणी

पहिल्या शंकेचे उत्तर स्लॅबच्या ताठपणात आहे. काँक्रीटचा स्लॅब भार वाकून सोसतो आणि तो मोठ्या क्षेत्रावर पसरवतो, त्यामुळे खालच्या मातीवर पडणारा दाब अगदी थोडा असतो. अभियंते वेस्टरगार्ड यांनी १९२६ मध्ये मांडलेले विश्लेषण याच कल्पनेवर उभे आहे: स्लॅब म्हणजे स्प्रिंगच्या गादीवर ठेवलेली ताठ फळी. म्हणून मातीची ताकद काहीशी कमी-जास्त झाली तरी स्लॅबची जाडी फारशी बदलत नाही. मोठ्या विमानांसाठी ती बहुधा ३५० ते ४५० मिलिमीटरच्या आसपास राहते. डांबरी पेव्हमेंट मात्र थरांच्या जाडीने भार पसरवते. खडीचे थर खाली खाली जाताना दाब कमी करतात, आणि माती जितकी दुबळी तितके थर वाढवावे लागतात. चिकणमातीवर मोठ्या विमानांसाठी एकूण जाडी मीटरच्या पुढे सहज जाते.

परंतु ‘दुबळी जमीन’ आणि ‘खचणारी जमीन’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात बहुधा राहून जाते. सर्वत्र सारखीच दुबळी असलेली जमीन काँक्रीट निभावून नेते. पण एका ठिकाणी दहा सेंटिमीटर आणि वीस मीटरवर दोनच सेंटिमीटर खचणाऱ्या भरावावर ताठ स्लॅब अधांतरी राहतो आणि मोडतो. तिथे डांबर किंवा ब्लॉक जमिनीबरोबर वाकतात, आणि वरून पातळी पुन्हा साधता येते.

पीसीआरविषयी: हो, कळते. विमानाचा भार आणि पेव्हमेंटची ताकद यांची तुलना करणारी आयकाओची जुनी एसीएन-पीसीएन पद्धत १९८१ पासून होती आणि नोव्हेंबर २०२४ पासून एसीआर-पीसीआर पद्धत लागू झाली. त्यातल्या आकड्यापुढचे पहिले अक्षर ‘आर’ असेल तर ताठ म्हणजे काँक्रीटचे, ‘एफ’ असेल तर लवचीक म्हणजे डांबरी. त्यानंतरचे अक्षर मातीचा वर्ग सांगते, ‘ए’ सर्वांत मजबूत आणि ‘डी’ सर्वांत दुबळा. नव्या पद्धतीत हे चार वर्ग २००, १२०, ८० आणि ५० मेगापास्कल या मातीच्या ताठपणाच्या प्रातिनिधिक मूल्यांवर बेतलेले असून ते काँक्रीट व डांबर दोघांसाठी एकच आहेत. पूर्वी दोघांची मोजमापे वेगळी होती. पुढचे अक्षर टायरच्या दाबाची मर्यादा दाखवते. मात्र हा आकडा केवळ ताकदीविषयी बोलतो. इंधनाने खडी सुटेल का, चाकाखाली वाटी पडेल का, याबद्दल तो काहीच सांगत नाही. एप्रनची निवड निव्वळ त्यावरून करणे म्हणूनच अपुरे आहे.

भरावभूमी

धागालेखकांनी खचणाऱ्या जमिनीचा मुद्दा काढला म्हणून लिहितो. समुद्रात भराव टाकून केलेल्या जागेवर हा प्रश्न सर्वांत तीव्र असतो. हाँगकाँगचा १९९८ साली सुरू झालेला विमानतळ अशाच भरावावर आहे आणि तिथे एप्रनसाठी काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. कारण साधे आहे. जमीन खाली गेली तर ब्लॉक उचलायचे, खालची पातळी दुरुस्त करायची आणि तेच ब्लॉक पुन्हा बसवायचे. टोकियोच्या हानेदा विमानतळावर वेगळा मार्ग दिसतो. तिथे काही ठिकाणी पूर्वताणित (आतल्या पोलादी तारा ताणून घट्ट केलेल्या) काँक्रीटचे स्लॅब घातले, जे खचल्यावर जॅकने उचलून खाली ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंटचे मिश्रण, भरता येते.

ब्लॉक म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पदपथ येतो आणि ते हा पर्याय लगेच बाजूला सारतात. परंतु ८० मिलिमीटर जाडीचे, एकमेकांत माशाच्या काट्यासारखे तिरके गुंतवून बसवलेले ब्लॉक, सिमेंटने घट्ट केलेल्या पायावर आणि वाळूच्या पातळ थरावर ठेवले, तर ते उभ्या विमानाचा भार व्यवस्थित घेतात. ब्लॉक स्वतः काँक्रीटचे असल्याने इंधनाने विरघळत नाहीत, आणि प्रत्येक फटीशी थोडी थोडी हालचाल होत असल्याने तापमानाचा ताण साठून राहत नाही. खरी काळजी फटींतल्या वाळूची घ्यावी लागते. इंजिनाचा झोत किंवा जोरदार पाणी ती उपसून काढते, आणि वाळू गेली की ब्लॉकची पकड सुटते. त्यासाठी फटींमध्ये वाळू बांधून ठेवणारे द्रावण मुरवतात. सुरुवातीच्या महिन्यांत दर आठवड्याला चालत जाऊन फटी पाहाव्यात, एवढेच सांगेन. गाडीत बसून ही तपासणी होत नाही.

रात्रपाळी

मी अभियंता नाही. स्टँडचे वाटप आणि जमिनीवरच्या हालचाली पाहण्याचे काम करतो. तुमच्या चर्चेत एक गोष्ट धागालेखकांनी ओझरती सांगितली, तिच्यावर जोर द्यावासा वाटतो. एखादा स्टँड बंद झाला की त्याचा भार इतरांवर पडतो, विमाने दूर उभी करावी लागतात, प्रवाशांना बसने आणावे लागते. डांबरी स्टँडचा वरचा थर एका रात्रीत खरवडून नव्याने घालता येतो आणि सकाळच्या पहिल्या विमानाला तो तयार असतो. साध्या काँक्रीटचा स्लॅब बदलला तर एक-दोन आठवडे तरी तो सोडता येत नाही. काही तासांत ताकद धरणारे शीघ्र काँक्रीट आता मिळते, पण ते ओतायला सवयीची माणसे लागतात आणि चूक सुधारायला वेळच राहत नाही.

माझा प्रश्न असा की फक्त चाके जिथे टेकतात तेवढ्याच भागात काँक्रीटचे चौथरे घालून बाकी डांबर ठेवले तर? आमच्याकडे अशी सूचना पुन्हा पुन्हा येते.

पायाभरणी

रात्रपाळी, बंद वेळेचा मुद्दा आपण जितका ठामपणे मांडला तितकाच तो खरा आहे. आराखडा करणाऱ्यांनी स्टँडचे वाटप करणाऱ्यांशी पहिल्याच आठवड्यात बोलावे, असे मी नेहमी सांगतो.

चौथऱ्यांची कल्पना ऐकायला सोपी वाटते, आणि जिथे एकाच जातीचे विमान वर्षानुवर्षे एकाच खुणेवर थांबते तिथे ती चालतेही. अडचण अशी की विमानांच्या जाती बदलतात. नाकाच्या चाकासाठी थांबण्याची खूण दोन मीटर पुढे सरकली की मुख्य चाके चौथऱ्याच्या कडेवर येतात, म्हणजे सर्वांत नाजूक जागी. शिवाय पुशबॅकच्या वेळी, म्हणजे ट्रॅक्टरने मागे ढकलले जाताना, विमान त्या चौथऱ्यावरून उतरून डांबरावर येते आणि तिथेच वळू लागते. सहा चाकांची बोगी (एका पायावरचा चाकांचा संच) असलेले विमान कमी जागेत वळताना काही चाके अक्षरशः जमिनीला घासत सरकतात, आणि ही आडवी ओढ डांबराच्या वरच्या थराला सोलून काढते. म्हणून चौथरे घालायचेच असतील, तर पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्या स्टँडवर येऊ शकणाऱ्या प्रत्येक विमानाच्या चाकांचा ठसा एकाच नकाशावर उतरवून पाहा. बहुधा ते ठसे एकमेकांत मिसळून जवळजवळ अख्खा स्टँड व्यापतात, आणि मग चौथऱ्यांऐवजी पूर्ण काँक्रीट हेच शहाणपणाचे ठरते. मागच्या टॅक्सीलेनमध्ये, म्हणजे स्टँडकडे येण्याजाण्याच्या मार्गिकेत, जिथे विमान सरळ चालत राहते, तिथे डांबर ठेवायला माझी हरकत नाही.

मधला_मार्ग

अजून एका पर्यायाचा उल्लेख राहिला आहे. १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये विकसित झालेली ही पद्धत असून तिच्यात आधी मुद्दाम सच्छिद्र डांबरी थर घालतात, ज्यात साधारण २५ ते ३० टक्के पोकळी असते, आणि तो थंड झाल्यावर त्या पोकळीत पातळ सिमेंटचे ग्राउट ओतून भरतात. त्यातून सांध्याविना एकसंध पृष्ठभाग मिळतो, जो उभ्या भाराखाली साध्या डांबराइतका दबत नाही आणि ज्यात इंधन सहजी मुरत नाही. जुन्या डांबरी एप्रनवर, खालचे थर सुस्थितीत असतील तर, वरचा थर काढून हा उपाय करता येतो. ग्राउट तळापर्यंत पोचले की नाही, हे मात्र कोअर, म्हणजे थरातून आरपार कापलेला नळीसारखा नमुना, काढूनच पाहावे लागते. वरून सगळे सारखेच राखाडी दिसते. मी पाहिलेल्या एका कोअरमध्ये वरचे दोन सेंटिमीटर भरलेले आणि खाली मधाच्या पोळ्यासारखी रिकामी छिद्रे होती. तिथे पाणी साचून थर आतून सुटू लागला होता.

सांधेजोड

मधला_मार्ग यांच्या प्रतिसादाशी सहमत. धागालेखकांना एक विचारायचे आहे. टॅक्सीलेन डांबराची आणि स्टँड काँक्रीटचा ठेवला, तर दोघांच्या सीमेवर मी नेहमीच खड्डा पडलेला पाहिला आहे. तो टाळण्यासाठी आपण काय करता? आणि इंधनाच्या हायड्रंट-पिटभोवतीच्या (विमानात इंधन भरण्यासाठी जमिनीत बसवलेल्या पेट्यांभोवतीच्या) तडांचे काय?

पायाभरणी

सीमेवरचा खड्डा दोन कारणांनी पडतो. काँक्रीटची कड मोकळी असल्यामुळे तिथे भार वाटून घ्यायला शेजारी कोणी नसतो, आणि कडेला लागून असलेल्या डांबरावर रोलर नीट पोचत नाही. पहिल्यासाठी स्लॅबची कड जाड करतो आणि डांबराच्या थरांखाली काँक्रीटचा बुडता पट्टा काही मीटर पुढे नेतो, म्हणजे ताठपणा एकदम न संपता हळूहळू कमी होतो. दुसऱ्यासाठी कडेपासून मीटरभर रुंदीत लहान रोलरने वेगळी दाबणी आणि वेगळी घनता-तपासणी करून घेतो. सीमा शक्यतो विमान वळते तिथे येऊ देत नाही. ती उताराच्या सर्वांत खालच्या रेषेवरही ठेवू नये, कारण पाणी आणि सांडलेले इंधन नेमके तिथेच जमते. स्टँडवरचा उतार एक टक्क्याहून जास्त नसावा अशी आयकाओची शिफारस आहे, आणि इतक्या मंद उतारावर पाच मिलिमीटरची चूकही डबके करते.

हायड्रंट-पिटचे दुखणे चौकोनी पेटीच्या कोपऱ्यांतून सुरू होते. स्लॅबच्या मध्ये पेटी बसवली की तिच्या कोपऱ्यातून तडा निघून जवळच्या सांध्याकडे जाते. त्यामुळे मी आधी इंधनवाहिनीच्या आराखड्यातून पिटच्या जागा मागवतो, त्यावर सांध्यांची जाळी ठेवतो आणि ती सरकवत सरकवत शक्य तितक्या पिट सांध्याच्या रेषेवर आणतो. ज्या उरतात त्यांच्याभोवती मोकळा सांधा सोडतो, कडा जाड करतो आणि त्या स्लॅबमध्ये सळ्या घालतो. सळ्यांनी तडा थांबत नाही, ती मिटलेली राहते. मागच्या कामात दोन्ही नकाशे वेगवेगळ्या कार्यालयांतून आले आणि ओतकाम सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदा एकमेकांवर ठेवले गेले. १४ पिटपैकी ९ स्लॅबच्या पोटात येत होत्या. जाळी एका दिशेने पाऊण मीटर सरकवल्यावर त्या ३ वर आल्या.